जन्मतारीख जुळत नाही

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं असताना त्याला पडद्यावर चार आकडे दिसले आणि डब्याकडे गेलेला हात वाटेतच थांबला. पाच, दोन, शून्य, आठ. कुणाच्या तरी फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. आधीच्या आकड्यांच्या जागी काळे ठिपके होते, कारण अर्ज तपासणाऱ्यालाही ग्राहकाचा पूर्ण नंबर दिसू नये असा नियम होता, आणि तो नियम त्यानंच लिहिला होता. असे चार आकडे शेवटी असलेले नंबर जगात हजारो असतील, असं त्यानं स्वतःला सांगून पाहिलं. पण ते पटेना. सात महिन्यांपूर्वी गेलेल्या बापाचा नंबर माणूस ठिपक्यांमधूनही ओळखतो. त्यानं डबा परत खणात सरकवला.

कंपनी घरपोच औषधं पाठवायची. गोदाम दुसरीकडे, पोचवणारे तिसरीकडे. या सहाव्या मजल्यावर कुणी कधी एक गोळीसुद्धा पाहिली नव्हती. इथं होती ती नुसती माहिती. कोण कुठे राहतो, कुणाची साखर वाढली आहे, कुणाला झोप येत नाही, कोण बायकोच्या नकळत केस उगवायचं औषध मागवतो. इतक्या लोकांची इतकी गुपितं एका जागी साठली की चोर येणारच, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून सांभाळणारा एक विभाग होता, आणि ज्याला आपलं नाव इथं नको असेल त्याचं सगळं काही पुसून टाकायचं कामही त्याच विभागाकडे होतं. तो त्या विभागाचा प्रमुख. ऑफिसात त्याला सगळे खोडरबर म्हणत, तोंडावर म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. एकट्याच्या हातानं काही पुसलं जाऊ नये म्हणून प्रत्येक अर्जावर दोघांनी बटण दाबायचं अशी पद्धत होती. दुसरं बटण ज्यांच्याकडे होतं त्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. त्यांचं नाव आपोआपच ‘दुसरी सही’ पडलं होतं. त्या त्याच्या समोरच बसत, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून, आणि त्याचं एकही बटण डोळे झाकून मान्य करत नसत. त्याचं त्याला बरं वाटे. आपल्यावर कुणीतरी असा सरळ अविश्वास दाखवावा, म्हणजे मग काळजी नसते.

हा अर्ज ‘न जुळणारे’ या यादीत होता. ज्यांची ओळख पटत नाही त्यांचे अर्ज तिथं जात; दोनदा नाकारले गेले आणि माणसानं तिसऱ्यांदा लिहिलं की ते त्याच्याकडे येत. त्यानं अर्ज उघडला. खाली अर्जदाराचं म्हणणं होतं, आणि ते वाचताना त्याला ताईचा आवाजच ऐकू आला. “हे खातं माझ्या वडिलांचं आहे. ते वारले. दाखला दोनदा जोडला. तुम्ही लिहिता की दाखल्यावरची जन्मतारीख खात्यावरच्या तारखेशी जुळत नाही, म्हणून वारलेली व्यक्ती आणि खातेदार एकच आहेत असं म्हणता येत नाही. माझ्या वडिलांची जन्मतारीख मला माहीत आहे. तुमच्या कंपनीचा दर महिन्याला त्यांच्या फोनवर निरोप येतो की तुमच्या गोळ्या संपत आल्या असतील, तब्येतीची काळजी घ्या. मी त्यांची मुलगी आहे. हे थांबवा हो. हात जोडते.” ताई कधी कुणापुढे हात जोडणाऱ्यांतली नव्हती. शाळेत तीस वर्षं शिकवलं तिनं, मुख्याध्यापकांना चारचौघांत चूक दाखवायची. आणि तिनं भावाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या नोकरीत आपलं घरचं काम घुसवणं तिच्या स्वभावात नव्हतं. खात्यावरची तारीख पडद्यावर दिसतच होती. एकोणीस नोव्हेंबर एकोणीसशे एकेचाळीस. बाबांचा जन्म तीन जून सेहेचाळीसचा. ताई बरोबर होती, नाकारणारेही नियमाप्रमाणे बरोबर होते. चूक होती ती तिसऱ्याची, आणि तो तिसरा खुर्चीत बसून होता.

खातं त्यानंच उघडून दिलं होतं, चार वर्षांपूर्वी, एका रविवारी. बाबांच्या जुन्या दुकानात. दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली, एक शिवणयंत्र, एक कापायचं टेबल आणि भिंतीवर खुंटीला टांगलेल्या टेपा. बाबा पुरुषांचे सूट शिवत. पायऱ्या चढून औषधाच्या दुकानात जाणं त्यांना जड व्हायला लागलं होतं, म्हणून त्यानं फोनवर फॉर्म उघडला आणि भराभर भरायला घेतला. जन्मतारखेची चौकट आली तेव्हा बाबा तोंडातली टाचणी काढून म्हणाले, “तीन जून.” तो म्हणाला, “खरी द्यायची नसते बाबा. खरी जन्मतारीख एकदा बाहेर गेली की गेली, ती बदलता येत नाही. खोटी टाकायची आणि लक्षात ठेवायची.” ही त्याची सवयच होती. बायकोच्या, मुलीच्या, स्वतःच्या, सगळ्यांच्या फॉर्मवर तो खोट्या तारखा टाकत आला होता. आपण या धंद्यात आतून आहोत, आपल्याला माहीत आहे काय काय होतं, असा थोडा तोराही त्यात होता. तोंडाला आली ती तारीख त्यानं टाकली. बाबांना मोठ्यानं सांगितली. बाबांनी कानावरची पेन्सिल काढून वही ओढली, तर त्यानं त्यांचा हात धरला. “लिहायची नाही कुठे. लिहिली की संपलंच सगळं.” बाबांनी पेन्सिल परत कानावर ठेवली. “बरं,” म्हणाले, “तू सांगशील तसं.” आणि कौतुकानं हसले.

हसण्याचं कारण त्याला तेव्हा कळलं होतं. बाबांची मापाची वही हा घरातला चेष्टेचा विषय होता. त्या वहीत कुणाचंही नाव नसायचं, खुणा असायच्या. ‘उजवा खांदा उतरलेले’, ‘नाकात बोलणारे’, ‘घाईचे साहेब’. वही कुणाच्या हाती लागली तरी कुणाच्या पोटाचा घेर किती ते कळायला नको, असं बाबांचं म्हणणं. एकदा एका गिऱ्हाइकाची बायको दुकानात आली, नवऱ्याला न सांगता पँट शिवून द्यायची होती तिला, कंबर किती तेवढं सांगा म्हणाली. बाबांनी सांगितली नाही ती नाहीच. “त्यांना घेऊन या,” म्हणाले. बाई फणकाऱ्यानं गेली, गिऱ्हाईक गेलं, आई आठवडाभर बोलत होती. कंपनीत त्याचा सत्कार झाला होता तेव्हा त्यानं ही गोष्ट माइकवर सांगितली होती आणि टाळ्या घेतल्या होत्या. माझं काम मी माझ्या वडिलांकडून शिकलो, असंही म्हणाला होता. सत्कार होता एका नियमाबद्दल. फोनवर ओळख पटवताना ग्राहकानं चुकीची जन्मतारीख सांगितली तर काय चुकलं ते सांगायचं नाही, दुसरी संधी द्यायची नाही, चोवीस तासांनी फोन करा म्हणायचं. या एका नियमानं खाती चोरणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. बाबांनी तो सत्कार ताईच्या फोनवर पाहिला आणि नंतर त्याला म्हणाले, “टाय थोडा आखूड बांधलास.” पण आवाज भरून आला होता त्यांचा.

अर्जाच्या उजव्या बाजूला एक छोटी चौकट होती: खातं पुसलं तर काय काय जाईल त्याची यादी. मागवलेली औषधं, पत्ता एक, चिठ्ठ्यांचे फोटो चार. आणि शेवटी, आवाज: अकरा. म्हणजे मदत केंद्राशी झालेली अकरा संभाषणं. बाबांनी अकरा वेळा फोन केला होता, सगळे गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता, सव्वीस दिवसांत. प्रत्येकापुढे एकच शेरा. ओळख पटली नाही. ओळख पटली नाही. तो वाचत खाली गेला आणि त्याला त्या दिवसांचा हिशेब लागला, कारण ते दिवस विसरण्याजोगे नव्हते. बाबा तेव्हा नुकतेच ताईकडे राहायला गेले होते. औषधांचा पत्ता बदलायचा होता, बस एवढंच काम. जुन्या पत्त्यावर गोळ्या जाऊन परत जात होत्या. ताईनं कोपऱ्यावरच्या दुकानातून बाकीच्या आणल्या, एक मिळाली नाही, आठ दिवस बाबा त्या गोळीवाचून राहिले. डॉक्टर नंतर म्हणाले, त्यानं काही बिघडलं नाही. बिघडलं नसेलही. बिघडलं ते वेगळ्याच जागी.

त्यानंतर लगेचच ताईचा फोन आला होता. “अरे, बाबा हल्ली विचित्रच बोलतात. मला कुणी ओळखत नाही म्हणतात. मी मीच आहे हे पटत नाही त्यांना, असं म्हणतात. आणि दिवसभर बसून कागदावर तारखा लिहितात.” दोघं मिळून बाबांना मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तो प्रसंग त्याच्या मनात आजही लख्ख होता, नको इतका. पांढरी खोली, टेबलावर काचेचा गोळा, डॉक्टरांचा गोड आवाज. “आजोबा, आज वार कुठला? छान. आता तुमची जन्मतारीख सांगा बरं.” बाबांनी मान वळवून त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “कुठली सांगू?” त्यानं डॉक्टरांकडे पाहिलं, डॉक्टरांनी त्याच्याकडे पाहिलं. दोन शहाणी माणसं तिसऱ्याच्या डोक्यावरून एकमेकांकडे बघतात तसं. डॉक्टरांनी कागदावर एक खूण केली. त्या एका खुणेनंतर बाबा बाबा राहिले नाहीत, सांभाळायची वस्तू झाले. त्यांच्या हातून कात्री काढून घेतली, फोन उंच ठेवला, स्वयंपाकघराला कडी लागली. शर्टाची बटणं ताई लावून द्यायची आणि तेही लावून घ्यायचे, स्वतः काज करणारा माणूस. तीन महिन्यांनी दुपारी झोपेत गेले. सुटले, असं आलेला गेलेला म्हणत होता, आणि त्यानंही मान डोलावली होती.

रक्ताच्या नात्यातल्या माणसाची माहिती उघडायची नाही, ताबडतोब दुसऱ्याकडे द्यायची. हाही नियम त्याचाच. तो उठला, संभाषणं ऐकण्याच्या खोलीत गेला, दार लावलं. काचेची खोली होती ती, आत काय चाललं आहे ते सगळ्यांना दिसावं म्हणून. कारण लिहिल्याशिवाय आवाज उघडत नसे. त्यानं चौकटीत ‘खात्री’ असं लिहिलं, आणि तो शब्द स्वतःच्याच तोंडावर मारल्यासारखा वाटून क्षणभर थांबला. मग कानांवर जाडजूड हेडफोन चढवला. पहिल्या फोनमध्ये बाबा खुशीत होते. नमस्कार चमत्कार झाले, मुलीकडे राहायला आल्याचं सांगून झालं, नातवंडं मोठी झाली हे सांगून झालं. पलीकडची मुलगी म्हणाली, “काका, खात्रीसाठी जन्मतारीख सांगाल?” बाबांनी कसलीही शंका न घेता तीन जून सांगितली. “जुळत नाही काका. चोवीस तासांनी फोन करा.” बाबा म्हणाले, “अहो, जुळत नाही कसं? मी होतो की तिथं.” ती हसली. तोही हसला, काचेच्या खोलीत एकटा.

त्याच संध्याकाळी बाबांनी त्याला विचारलं असणार. नव्हे, विचारलंच होतं. आत्ता आठवलं. तो मीटिंगला निघाला होता, फोन खांद्यात धरून कागद गोळा करत होता. “अरे, ती तू टाकलेली तारीख कुठली रे?” आणि तो खेकसला होता. “बाबा, एवढी एक तारीख लक्षात राहत नाही? आणि फोनवर काय सांगू मी, माणसं बसलीत इथं. नंतर बोलतो.” नंतर म्हणजे कधीच नाही. तो विसरून गेला. विसरला म्हणण्यापेक्षा, आठवत नाही म्हणून सांगायचं टाळलं. त्याच्या मुलीच्या फॉर्मवरची वेगळी, बायकोच्या फॉर्मवरची वेगळी, कुणाची कुठली हे त्यालाही शोधूनच सांगावं लागलं असतं. बाबांनी पुन्हा विचारलं नाही. मुलाला कामात त्रास द्यायचा नाही असं ठरवलं की ते ठरवलं, शिंपी माणूस, एकदा कापलं की कापलं.

दुसऱ्या फोनला बाबांनी आईची जन्मतारीख सांगितली. तिसऱ्याला ताईची. “वर्ष माझंच धरा हं बाई, तारीख-महिना तेवढा सांगतो,” असं ते आधी समजावून सांगत, आणि पलीकडून दर वेळी वेगळी मुलगी, वेगळा मुलगा, गोड आवाजात तेच वाक्य. चौथ्याला त्याची स्वतःची जन्मतारीख. पाचव्याला बाबांचा लग्नाचा दिवस. सहाव्याला जी आली ती ऐकून त्यानं डोळे मिटले, ती आई गेली तो दिवस होता, आणि बाबा ती सांगताना अडखळले नाहीत. सातव्याला त्याच्या मुलीचा जन्म. आठव्याला दुकान उघडलं तो दिवस. ती तारीख त्याला माहीतही नव्हती, बाबाच पलीकडच्या मुलाला सांगत होते, “त्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आलं ते उधारीवर, पण आलं.” मुलगा म्हणाला, “सर, जुळत नाही.” बाबा म्हणाले, “नाही का? मला वाटलं होतं ही असेल.” बाबा त्याच्या मनात शिरून त्यानं कुठला दिवस निवडला असेल ते शोधत होते. घरातला एकेक दिवस काढून काउंटरवर ठेवत होते आणि पलीकडून तो परत येत होता. नववी त्याला नोकरी लागली तो दिवस. दहावी तारीख त्याला लागली नाही. नऊ फेब्रुवारी. त्यानं पुन्हा ऐकलं. नऊ फेब्रुवारी, बाबा अगदी हळू म्हणाले, जरा लाजल्यासारखे. काय झालं होतं नऊ फेब्रुवारीला? आई नाही, ताई नाही, आजी नाही, घर नाही. बाबांच्या आयुष्यात एक दिवस होता, त्यांना वाटत होतं मुलाला तो ठाऊक असेल, आणि मुलाला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं.

अकराव्या फोनला बाबांनी तारीख सांगितलीच नाही. आवाज दमलेला होता. पलीकडे एक वयस्क वाटणारी बाई होती. “जन्मतारीख सांगता का?” “नाही हो,” बाबा म्हणाले, “संपल्या माझ्याकडच्या. मी फक्त हे सांगायला फोन केला की आता करणार नाही. घरच्यांना वाटतं माझं डोकं ठिकाणावर नाही. उगाच तुम्हालाही त्रास.” बाई म्हणाली, “काका, मला खरंच वाईट वाटतं, पण नियम आहे.” “असू दे, असू दे. बरोबर आहे तुमचं. कुणीही उठून मी अमुक म्हणेल, तुम्ही कसं मानायचं? माझा मुलगा हेच काम करतो. लोकांचं सांभाळतो. फार हुशार आहे.” मग, “ठेवतो बाई.” त्यानं कानांवरचा हेडफोन काढला. काचेपलीकडे ऑफिस जेवून परतलं होतं, कुणी खुर्ची सरकवत होतं, कुणी हसत होतं. त्याला रडू यायला हवं होतं, आलं नाही.

जागेवर आला तेव्हा एक गोष्ट त्याच्या नीट ध्यानात आली आणि तिची त्याला किळस आली. तो प्रमुख होता. दाखला खरा होता, अर्ज खरा होता, बटण दाबणं हेच योग्य होतं. ताईनं हात जोडून तेच मागितलं होतं. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा आवाज जातील, तारीख जाईल, शेरे जातील, आणि त्यानं काय केलं ते जगात कुठेही उरणार नाही. निरोप थांबतील, ताई त्याला कदाचित सांगेलही, झालं बाई एकदाचं. कुणाचं काही अडणार नव्हतं. सांगितलं तर मात्र एकटा तो सापडणार नव्हता. बाबांच्या हातून कात्री काढून घेणारी ताई होती. कडी लावणारी ताई होती. बाबांना घास भरवत “शहाणे ना तुम्ही” म्हणणारीही तीच. बाप शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाला होता आणि आपण त्याचं सगळं केलं, याच आधारावर ती उभी होती. तो आधार काढून घ्यायचा की स्वतःचं पाप सरकारमान्य पद्धतीनं पुसून टाकायचं, एवढाच प्रश्न होता, आणि दोन्ही बाजूंनी मायाच पुढे करता येत होती.

“काय झालं?” दुसरी सही समोरून म्हणाल्या. “तोंड उतरलंय.”

“हा अर्ज माझ्या वडिलांचा आहे. मी ऐकलं सगळं.”

त्यांनी चष्मा काढला. त्या ओरडतील असं त्याला वाटलं, ओरडायला हव्या होत्या. “वरच्या मॅडमना कळवावं लागेल मला,” त्या म्हणाल्या.

“कळवा.”

“कळवते. तुम्ही बाजूला व्हा, पुढचं मी आणि तिसरं कुणीतरी करू.” त्या पडदा वाचू लागल्या. वाचता वाचता त्यांचं बोट एकेका शेऱ्यावरून खाली गेलं आणि यादीच्या शेवटी थांबलं. “आवाज आहेत म्हणजे पुसायच्या आधी वारसाला कळवावं लागतं. हवे असतील तर प्रत द्यायची.” मग आवाज खाली आणून, कधी नव्हे ते त्याच्याकडे न बघता म्हणाल्या, “कळवलं, नको म्हणाल्या, असं लिहू का मी? लिहिते हवं तर.”

सहा वर्षांत या बाईंनी त्याला एक अर्धविरामसुद्धा सोडला नव्हता. त्याला एकदम भडभडून आलं. “नको,” तो म्हणाला. “मीच करतो फोन.” जिन्यात गेला. दोन मजल्यांच्या मधल्या पायरीवर उभा राहिला, तिथं एक उभी खिडकी होती आणि खाली रस्त्यावर माणसं आपापल्या कामाला चालली होती. ताईनं दुसऱ्याच घंटेला फोन उचलला.

“आज कशी काय आठवण झाली? आणि कामाच्या वेळी?”

“ताई, बसली आहेस ना?”

“बसलेय. कोण गेलं?”

“कुणी नाही.” मग त्यानं सांगितलं. आधी अर्जाचं, मग तारखेचं, मग अकरा फोनचं आणि त्यांची प्रत मिळते त्याचं. मधेच थांबला तर पुन्हा सुरू करता येणार नाही हे ओळखून न थांबता सांगितलं. बाबांना काहीही झालं नव्हतं ताई, हे वाक्य त्यानं दोनदा म्हटलं, कारण पहिल्यांदा ते तिच्यापर्यंत पोचलं नाही असं वाटलं. डॉक्टरांकडे ‘कुठली सांगू’ म्हणाले ते याच्यासाठी. माझी चूक होती. तुझी नव्हती. तू काही केलं नाहीस.

पलीकडे एक नळ वाहत होता तो बंद झाल्याचा आवाज आला.

“मी त्यांची कात्री काढून घेतली रे,” ताई म्हणाली. “मागायचे. दोनदा मागितली. मी म्हटलं, लागेल कुठे तरी.”

“ताई...”

“थांब. बोलू नकोस.” ती नाक ओढत होती. वर्गात पोरांपुढे कधी न रडलेली ताई. मग तिनं विचारलं, “प्रत मिळते म्हणालास ना? त्यांच्या आवाजाची?”

“मिळते. तुला हवी असेल तर.”

“पाठवायला सांग. तू नको पाठवूस, त्यांनाच पाठवू दे. आणि मग टाका पुसून.” मग ती म्हणाली, “कुठली होती ती तारीख? तू टाकलेली.”

“एकोणीस नोव्हेंबर.”

“एकोणीस नोव्हेंबर,” ती स्वतःशी पुटपुटली. ती मनातल्या मनात शोधत होती हे त्याला फोनमधूनही कळत होतं. तीही आता एकेक दिवस काढून बघत होती. “एकोणीस नोव्हेंबरला काय झालं होतं रे?”

“काही नाही.”

“अरे, काहीतरी असेल. आईचं काही? तू परीक्षेत वगैरे...”

“काही नाही ताई. तोंडाला आली ती टाकली.”

तो पायरीवर बसला. खालून कुणीतरी जिना चढत होतं, मधेच दुसऱ्या मजल्यावर वळलं, दार वाजलं.

“त्या दिवसांत मी त्यांना म्हटलं होतं,” ताई सावकाश म्हणाली, “काय ते कागद काळे करत बसता सारखे? तर म्हणाले, अगं, पोरानं माझ्यासाठी एक दिवस निवडून ठेवलाय. इतक्या दिवसांतून त्याला कुठला निवडावासा वाटला ते शोधतोय. सापडला की तुला सांगतो.” तिचा आवाज पुन्हा फुटला. “मी शेजारणीला सांगितलं, आता अगदीच भ्रम झालाय म्हणून.”